यात्रेतील आकाशपाळणा: तो कुठून आला आणि अजून का टिकून आहे

शिरपूर तालुक्यातील एका गावाच्या यात्रा समितीवर नव्याने आलेल्या तरुण सदस्याने विचारले आहे की, मैदान आखताना आकाशपाळण्याला दरवर्षी सर्वांत मोठी जागा सोडावी लागते, आणि तेवढ्याच जागेत ब्रेक डान्स, ड्रॅगन, टोरा-टोरा असे दोन-तीन नवे खेळ सहज बसतात. मग हा जुना पाळणा अजून कशासाठी ठेवायचा, तो मुळात आला कुठून, आणि हातात मोबाइल असलेली तरुण मुलेसुद्धा त्याच्यापुढेच रांग का लावतात? आमच्या घरी पाळण्याचा धंदा वडिलांपासूनचा. यांत्रिकी पदविका घेतल्यावर मी काही काळ स्वतः पाळणे चालवले, आणि आता बरीच वर्षे खान्देशातल्या यात्रांमध्ये पाळणे उभे राहताना देखरेख व तपासणी करतो. प्रश्न जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर विस्ताराने देत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा इतिहास कशासाठी सांगतो आहे हे लक्षात राहील. आकाशपाळण्याची खरी ओढ त्याच्या फिरण्यापेक्षा त्याच्या थांबण्यात आहे. खालच्या डब्यात माणसे चढत-उतरत असतात तेव्हा वरचा डबा काही क्षण अधांतरी उभा राहतो, आणि त्या क्षणांत माणसाला आपला रोजचा मुलूख वरून दिसतो. हा थांबा कोणी आनंदासाठी योजलेला नव्हता. माणसे भरण्याची ती गरज होती. पण चाकाच्या या चारशे वर्षांच्या प्रवासात बाकी जवळजवळ सगळे बदलले, लाकूड जाऊन पोलाद आले, माणसाचे बळ जाऊन वाफ, डिझेल आणि वीज आली, आणि हा थांबा मात्र तसाच राहिला.

अशा चाकाची जुन्यातली जुनी खात्रीलायक वर्णने तुर्की साम्राज्यातली आहेत. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा प्रवासी १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये होता. रमजानच्या काळातील जत्रेत तो अशा चाकात बसला आणि वर-खाली जाण्याच्या त्या वेगाने हरखून गेला. मात्र त्याच्याजवळ बसलेल्या एका ग्रीक माणसाला ते सोसवेना आणि तो ‘पुरे, पुरे’ असे ओरडू लागला, असे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्याकडच्या कोणत्याही यात्रेत रात्री आठच्या सुमारास पाळण्याखाली उभे राहिले, तर ‘बस रे भो, बस!’ ही तीच विनवणी आजही ऐकू येते. त्यानंतर पाच वर्षांनी, १६२० मध्ये, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने आजच्या बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह येथे अशीच चाके पाहिली आणि त्यांचे वर्णन केले. लाकडी सांगाडा, त्यावर उभे चाक, चाकाच्या घेराला टांगलेल्या बैठका आणि हातांनी फिरवणारी माणसे, एवढीच त्याची रचना होती.

हाच पीटर मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला जाताना आपल्या खान्देशातून, नंदुरबार-बऱ्हाणपूरच्या वाटेने गेला. तो काळ भीषण दुष्काळाचा होता. नंदुरबारच्या परिसरात त्याने धान्याची टंचाई आणि उपासमारीने मेलेल्या माणसांची प्रेते पाहिली, आणि तेही तितक्याच बारकाईने नोंदवले. ज्या माणसाने जत्रेतल्या चाकाची नोंद आपल्यासाठी राखून ठेवली, त्याच्या नजरेस आमचा मुलूख पडला तो अशा वेळी, याचे मला नेहमी वाईट वाटते. एखाद्या बऱ्या सालात तो आला असता, तर तापीकाठच्या एखाद्या जत्रेचे चित्र कदाचित आपल्या हाती असते.

आपल्याकडे चार डब्यांचा लाकडी हातपाळणा माझ्या वडिलांच्या पिढीने भरपूर पाहिला. सागाचे दोन भक्कम खांब, मध्ये आडवा धुरा, फुलीच्या आकारात जोडलेल्या तुळया आणि त्यांच्या टोकांना रंगवलेल्या चार पेट्या. दोन माणसे खालून ढकलत आणि पेटी खाली आली की हातांनीच धरून थांबवत. त्याची उंची दोन पुरुषांहून फारशी अधिक नसे. इस्तंबूलमधल्या चाकाचा आणि याचा थेट संबंध जोडण्याची काही गरज नाही. धुरा, तुळई आणि टांगलेली पेटी या गोष्टी सुताराला कोणत्याही देशात सुचण्यासारख्या आहेत.

या खेळण्याचे प्रचंड यंत्र झाले ते १८९३ साली शिकागोत. कोलंबस अमेरिकेस पोहोचल्याच्या चारशेव्या वर्षानिमित्त तिथे जागतिक प्रदर्शन भरले होते. मराठी वाचकाला ते ओळखीचे आहे ते याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळे, जिथे त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. चार वर्षांपूर्वी, १८८९ च्या प्रदर्शनासाठी, पॅरिसने आयफेल टॉवर उभा केला होता, आणि त्याला उत्तर देईल असे काही अमेरिकी अभियंत्यांनी घडवावे, असे आव्हान प्रदर्शनाचे प्रमुख वास्तुकार डॅनिएल बर्नहॅम यांनी दिले. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या अभियंत्याने ते स्वीकारले. फेरिस हा पुलांचा माणूस होता. पुलांसाठी लागणाऱ्या पोलादाची तपासणी करणारी त्याची पिट्सबर्ग येथे कंपनी होती. त्याने मांडलेल्या चाकाच्या आराखड्यावर प्रदर्शनाच्या चालकांचा आधी विश्वास बसला नाही, आणि पक्की परवानगी मिळेपर्यंत १८९२ चा डिसेंबर उजाडला. प्रदर्शन १ मेला उघडणार होते. म्हणजे हाती पाच महिनेही नव्हते, आणि त्यातही शिकागोचा हिवाळा.

त्या पायाची हकीगत मी प्रत्येक नव्या फिटरला सांगतो. जमीन वरून गोठून दगड झालेली, आणि खाली पाण्याने भरलेली सरकती वाळू. गोठलेली माती मोकळी करण्यासाठी तिच्यात वाफ सोडावी लागली. तेवढ्यासाठी वेळ आणि पैसा खर्च केला म्हणूनच वरचे चाक उभे राहू शकले. आमच्याकडे बोरी आणि पांझरेच्या पात्रातली वाळू किंवा तापीकाठची काळी माती पायाखाली असते. तिचे दोष वेगळे, पण जमिनीला समजून घेतल्याशिवाय एकही खांब उभा करायचा नाही, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

फेरिसचे चाक २१ जून १८९३ रोजी लोकांसाठी खुले झाले, म्हणजे प्रदर्शनापेक्षा सात आठवडे उशिरा. त्याची उंची २६४ फूट आणि चाकाचा व्यास २५० फूट होता. घेराला ३६ डबे टांगलेले होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत; म्हणजे चाक पूर्ण भरले की २,१६० माणसे एकाच वेळी हवेत. बेथलेहेम आयर्न कंपनीने घडवलेला त्याचा पोलादी धुरा ४५ फुटांहून लांब आणि सुमारे ३३ इंच जाडीचा होता, आणि त्याचे वजन चाळीस टनांच्या वर होते. फिरवण्यासाठी एक हजार अश्वशक्तीची वाफेची दोन इंजिने होती, त्यांपैकी एक राखीव. तिकीट ५० सेंट, म्हणजे खुद्द प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकेच. तरीही त्या हंगामात साडेचौदा लाखांच्या आसपास लोक त्यात बसले.

या चाकात अभियांत्रिकीच्या दृष्टीने जे नवे होते, ते आकारापलीकडचे होते. तोवरच्या लाकडी चाकांत आरे म्हणजे जाड तुळया असत आणि घेराचा भार त्यांच्यावर दाबाने येत असे. फेरिसने घेर आणि धुरा यांच्यामध्ये पोलादाच्या सडपातळ सळया ताणून बसवल्या. सायकलचे चाक जसे तारांच्या ताणावर गोल राहते, तसेच हे चाक होते. एवढ्या बारीक सळया एवढा भार पेलतील यावर पुष्कळ जाणत्यांचा विश्वास नव्हता. पण पोलादाला दाबले की ते वाकण्याची भीती असते. ताणले की ते पूर्ण ताकदीने काम करते, हे पूल बांधणाऱ्याला ठाऊक होते. त्याआधी एकच वर्ष, विल्यम सॉमर्स याने अटलांटिक सिटी आणि इतर दोन ठिकाणी ५० फुटी लाकडी चाके उभारली होती, आणि आपली कल्पना चोरली म्हणून त्याने फेरिसवर दावाही लावला होता. तो टिकला नाही. कल्पना तर सॉमर्सचीही नव्हती, ती कित्येक शतकांची होती. फेरिसचे श्रेय ती पोलादात आणि ताणात उतरवण्याचे आहे.

आता थांब्याकडे येतो. फेरिसच्या चाकात बसलेल्या माणसाला सुमारे वीस मिनिटांत दोन फेऱ्या मिळत. खाली एकाच वेळी सहा डब्यांत माणसे भरण्याची सोय केलेली होती, म्हणून ३६ डबे भरण्यासाठी पहिल्या फेरीत चाक सहा वेळा थांबे. दुसरी फेरी न थांबता, सुमारे नऊ मिनिटांची होई. म्हणजे पहिली फेरी पाहण्याची आणि दुसरी फिरण्याची. मैदानावर उभे राहून ही गोष्ट मी अनेक वर्षे पाहत आलो आहे की, माणसे उतरताना बोलतात ती पहिल्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेरीबद्दल. वर गेल्यावर पोरगी काय म्हणाली, नदी कशी दिसली, आपली गाडी कुठे लावली होती ते कसे कळले. वेगाच्या फेरीबद्दल बोलायचे तर ‘मजा आली’ किंवा ‘डोके गरगरले’ यापलीकडे फारसे शब्द निघत नाहीत.

फेरिसला स्वतःला या यशाचा लाभ मिळाला नाही. प्रदर्शन संपल्यावर पैशांचे वाद आणि कर्जे मागे लागली, आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी पिट्सबर्ग येथे विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला. त्याचे चाक शिकागोतच दुसऱ्या जागी काही वर्षे चालले, १९०४ च्या सेंट लुईस येथील प्रदर्शनात पुन्हा उभे राहिले, आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडून टाकण्यात आले. दरम्यान वॉल्टर बॅसेट या ब्रिटिश अभियंत्याने युरोपात लंडन, ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस येथे अशी अजस्र चाके उभारली. त्यांतले एकट्या व्हिएन्नाचे, १८९७ सालचे, आजही फिरते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, ते जळाले होते. युद्धानंतर ते पुन्हा उभे केले तेव्हा मूळच्या ३० डब्यांऐवजी १५ च बसवले. ६४.७५ मीटर उंचीचे हे चाक सव्वाशे वर्षांहून जुने आहे, आणि व्हिएन्नाच्या लोकांना त्याऐवजी काही नवे हवे असल्याचे दिसत नाही.

पण आपल्या यात्रेतल्या पाळण्याचे घराणे या राजेशाही चाकांपासून निघत नाही. ते निघते विल्यम सुलिव्हन या पूल बांधणाऱ्या माणसापासून. १८९३ मध्ये तो शिकागोला फेरिसच्या चाकात बसला आणि घरी परतला तो एकच विचार घेऊन: हे चाक गावोगावी नेता येईल का? १९०० साली इलिनॉय राज्यातील जॅक्सनव्हिल येथे त्याने आपले पहिले चाक लोकांसाठी फिरवले. त्याच्या एली ब्रिज कंपनीची पुढे प्रसिद्ध झालेली चाके बारा बैठकांची असत. सुटी करून गाडीवर लादावीत, पुढच्या गावी नेऊन जोडावीत आणि घेराभोवती टाकलेल्या दोराने फिरवावीत अशी त्यांची रचना होती. फेरिसचे चाक पाहायला शिकागोला जावे लागे. सुलिव्हनचे चाक तुमच्या गावाला येई. आमच्या ट्रकांवरचे आरे, घेराचे तुकडे, कैच्या (म्हणजे धुरा पेलणारे दोन्ही बाजूंचे तिरपे पाय) आणि डबे पाहिले की मला सुलिव्हनचीच आठवण होते, कारण पाळण्याच्या धंद्यातले अर्धे शहाणपण तो उभा करण्यात आणि मोडण्यात आहे.

खान्देशात या चाकाला जमीन आधीपासून तयार होती, असे मला वाटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, आणि गाणी म्हणत त्यावर उंच जाण्याची हौस म्हातारीपासून पोरीपर्यंत सगळ्यांना असते. आखाजीनंतर लगेच, त्याच वैशाखात, अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची मुले, भाऊ-भावजया असे सगळे घर यात्रेला येते आणि पाळण्यात बसते. त्याआधी चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा होते, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. आमचे वर्ष या यात्रांभोवती फिरते.

आणखी एक कारण भूगोलाचे आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग, यांच्या मधला तापी खोऱ्याचा हा पट्टा सपाट आहे. केळी, कापूस, दादर ज्वारी पिकवणारा माणूस जन्मभर जमिनीच्या पातळीवरून आपले शेत आणि गाव पाहतो. सारंगखेड्याला पाळण्याचा डबा वर थांबला की एका बाजूला तापीचे अडवलेले रुंद पात्र, पलीकडे पिके, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेषा आणि अगदी पायाखाली घोड्यांच्या रांगा असे चित्र एकदम उलगडते. ज्या वाटेने आपण बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर आलो, ती वाट वरून दिसणे यात एक वेगळे समाधान आहे. अनोळखी शहर उंचावरून पाहताना कौतुक वाटते. ओळखीचा मुलूख पाहताना माणूस बोटाने दाखवू लागतो. पाळण्याखाली उभे राहून वर पाहा: थांबलेल्या प्रत्येक डब्यातून एखादे बोट बाहेर दाखवत असते.

आता हा थांबा प्रत्यक्षात कसा घडतो ते जवळून सांगतो, कारण समितीच्या लोकांना ते सहसा दिसत नाही. बारा डब्यांच्या पाळण्यात पहिला डबा भरला की लगेच शेजारचा भरायचा नसतो. धुऱ्यापासून सहा मीटर अंतरावरच्या एका डब्यात दीडशे किलोंचा भार बसला आणि समोरचा डबा रिकामा राहिला, तर चाक त्या बाजूला ओढ घेते; इंजिनाला तो भार उचलावा लागतो आणि ब्रेकला तो धरून ठेवावा लागतो. म्हणून पहिल्यानंतर सातवा, मग चौथा, मग दहावा, असे समोरासमोरचे डबे आधी भरतात. चाक तोलात असले की इंजिनाला घर्षणापुरतेच काम उरते, आणि लहानशा डिझेल इंजिनावर चोवीस-तीस माणसे फिरतात ती याच कारणाने.

डबे भरणारा माणूस हा पाळण्याचा खरा चालक. त्याच्याजवळ काटा नसतो, नजर असते. पारोळ्याकडचे एखादे कुटुंब पुढे येते: आजी, सून, दोन मुले. तो आजीला हाताला धरून मध्ये बसवतो, मुलांना तिच्या दोन्ही बाजूंना, सुनेचा पदर डब्याच्या आत घ्यायला सांगतो, आडवी दांडी लावतो, तिची खीळ घालतो आणि दांडी दोनदा ओढून पाहतो. मग शिट्टी. इंजिनावरचा माणूस क्लच सोडतो, अर्धा फेरा होतो, पुन्हा शिट्टी. समोरच्या डब्यासाठी रांगेत पुढे दोन सडपातळ तरुण उभे असले तर तो त्यांना थांबवतो आणि मागच्या तीन थोराड माणसांना बोलावतो. तरुण कुरकुरतात, त्यांना वाटते ओळखीच्यांना आधी बसवले. खरे तर तो आजीच्या डब्याचा तोल साधत असतो. या वेळात आजीचा डबा वर जाऊन स्थिर झालेला असतो आणि ती नातवाला नदीपलीकडचे काहीतरी दाखवत असते.

सगळे डबे भरल्यावर चाक वेग घेते, आणि पोटात गोळा येण्याचे काम सुरू होते. त्यामागचा हिशेब सोपा आहे. सहा मीटर त्रिज्येचा पाळणा दहा सेकंदांत एक फेरा करू लागला की ६० किलो वजनाच्या माणसाला सर्वांत वरच्या टोकाला आपले वजन साधारण ४५ किलोंइतके, आणि तळाला ७५ किलोंच्या जवळपास जाणवते. दर पाच सेकंदांनी तीस किलोंचा हा फरक शरीराला जाणवतो. वरून खाली येताना आधार सुटल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. वेग याहून फार वाढवण्यात अर्थ नसतो. डबे हेलकावे खाऊ लागतात, लहान मुले आणि म्हातारी माणसे पुन्हा फिरकत नाहीत, आणि यंत्राच्या जोडांवर ताण येतो तो निराळाच. चांगला चालक वेग हळूहळू चढवतो आणि तितक्याच हळू उतरवतो.

जगातली नवी मोठी चाके तर वेगाचा मोह पूर्ण सोडून बसली आहेत. २००० साली खुले झालेले लंडन आय १३५ मीटर उंच आहे, त्यात ३२ बंदिस्त काचेचे डबे आहेत, आणि एक फेरी अर्ध्या तासाची आहे. ते इतके संथ फिरते की माणसे चढताना ते सहसा थांबवावेही लागत नाही. सिंगापूरचे २००८ मधील चाक १६५ मीटरांचे, लास व्हेगासचे २०१४ मधील १६७ मीटरांहून थोडे अधिक, आणि दुबईचे २०२१ मधील २५० मीटरांचे. उंची वाढत गेली, वेग कमी होत गेला, आणि फेरी म्हणजेच एक सलग थांबा झाला. वेगासाठी आज रोलर कोस्टर आहे, त्याहून भयंकर खेळही आहेत. तरीही शहरे कोट्यवधी रुपये खर्चून चाके उभारतात, ते लोकांना शांतपणे वर नेऊन पाहू देण्यासाठी.

नव्या खेळांचे मी अवमूल्यन करीत नाही. ब्रेक डान्सपुढे कॉलेजच्या मुलांची गर्दी असते आणि ती रास्त आहे. मात्र त्या खेळात आजी बसत नाही, गरोदर बाई बसत नाही, तान्हे मूल घेतलेला बाप बसत नाही. त्यांतले काही पाळण्यातही बसू नयेत, हे खरे. पण पाळणा तीन पिढ्यांना एका डब्यात घेतो, आणि यात्रेला माणसे घर म्हणूनच येतात. मोबाइलचेही तसेच आहे. मुले वर थांबल्यावर फोटो काढतात आणि खाली आल्यावर दाखवतात. फोटो काढण्याजोगी जागा यात्रेत दुसरी कुठली आहे? मोबाइलमुळे रांग वाढली आहे असेच माझे निरीक्षण आहे. फक्त तो हातातून निसटून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून दोरी बांधायला किंवा खिशात ठेवायला सांगावे, आणि हे सांगण्याचा अधिकार डबे भरणाऱ्याला समितीने जाहीरपणे द्यावा.

तेव्हा पाळणा ठेवावा की नाही, यावर माझे उत्तर ‘ठेवावा’ असे आहे, पण चार गोष्टी सांभाळून. जागा देताना मैदानाचा उरलेला कोपरा देऊ नये. जिथून नदी, देऊळ आणि गाव तिन्ही दिसतील अशी उघडी बाजू द्यावी, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून पाळणा पूर्ण उंचीने आडवा पडला तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवावे. काळ्या मातीत किंवा वाळूत कैचीच्या पायाखाली जाड लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून भार पसरवलाच पाहिजे. दोन मीटरांवर असलेल्या पायांपैकी एक पाय एक सेंटिमीटर खचला तर आठ मीटर उंचीवर धुरा चार सेंटिमीटर कलतो, आणि कललेला धुरा बेअरिंगला आतून खातो. म्हणून पाणसळ आणि ओळंबा पहिल्या दिवशी लावून भागत नाही, रोज संध्याकाळी पाळणा सुरू करण्यापूर्वी लावावा लागतो. रात्री पाऊस पडला किंवा पात्रात पाणी झिरपले तर पुन्हा. प्रत्येक डब्याची टांगणीची पिन, ती निसटू न देणारी कॉटर, आणि दांडीची खीळ हाताने हलवून पाहावी, नुसत्या डोळ्यांनी नव्हे. अर्थिंग स्वतंत्र असावे आणि पोलीस परवानगीबरोबर विजेच्या जोडणीचा तपासणी दाखला समितीने स्वतः मागून पाहावा.

वैशाखातल्या यात्रांसाठी एक जास्तीची सूचना. दुपारनंतर वावटळ उठते आणि वळवाचा पाऊस अचानक येतो. सोसाट्याचा वारा सुटला की पाळणा रिकामा करायचा, आणि तोही एका बाजूने नव्हे, भरला त्याच क्रमाने, समोरासमोरचे डबे उतरवत. घाईत एकाच बाजूची माणसे उतरवली की रिकामी बाजू वर उसळते. अपघाताची शक्यता तिथेच सर्वांत मोठी असते. हा निर्णय चालकाचा असावा, आणि तिकिटाचे पैसे परत करावे लागतील या भीतीने तो लांबणार नाही, असा करार मालकाशी आधीच करून ठेवावा.

शेवटी थांब्याबद्दल मालकाशी बोला. गर्दीच्या रात्री जास्त फेऱ्या व्हाव्यात म्हणून काही जण डबे भराभर भरून लगेच वेग देतात, आणि माणसाला वर क्षणभरही टेकू देत नाहीत. करारात फेऱ्यांची संख्या लिहितात, तसेच हेही लिहून घ्यावे की सुरुवातीची एक फेरी संथ होईल आणि प्रत्येक डबा एकदा तरी वरच्या टोकाला थांबेल. त्यात मालकाची दोन-तीन मिनिटे जातील. तेवढ्याची भरपाई म्हणून जागेचे भाडे थोडे कमी करावे लागले, तर समितीने ते जरूर करावे.